भट्टीला रात्र नसते



४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून या नगरीचा संसार भट्टीच्या आचेवर चालत आला आहे. भट्टीला रात्र नसते; सूर्याला असते. नवीकरणीय ऊर्जेपुढील खरा प्रश्न एवढ्यातच सामावलेला आहे.

दिवसा उन्हापासून वीज निर्माण करणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेने एक कोटी घरांच्या छतांचे लक्ष्य ठेवले आहे. अवघड आहे ती संध्याकाळ. घरोघरी दिवे लागतात, नेमका तेव्हाच सूर्य मावळतो.

त्यावरचे एक उत्तर शेजारच्याच राजनांदगाव जिल्ह्यात उभे आहे. २४ फेब्रुवारी २०२४ रोजी राष्ट्रार्पण झालेल्या तेथील १०० मेगावॉटच्या सौर प्रकल्पाला १२० मेगावॉट-तास, म्हणजे १ लाख २० हजार युनिट, वीज साठविणारी बॅटरी जोडलेली आहे. दुपारची वीज राखून ठेवायची आणि दिवेलागणीला वापरायची. उन्हाळ्यात कुरडया-पापड वाळवून पावसाळ्याची बेगमी करणाऱ्या गृहिणीला हे शहाणपण नवे नाही.

भट्टीचा प्रश्न मात्र अधिक बिकट आहे. तिला कोळसा केवळ उष्णतेसाठी लागत नाही. कोळशापासून बनविलेला कोक लोहखनिजातील ऑक्सिजन काढून घेतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. हेच काम हायड्रोजनने केले, तर मागे पाण्याची वाफ उरते. असा हायड्रोजन सौर वा पवनविजेने पाण्याचे विघटन करून मिळविता येतो. २०२३ च्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाने २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन उत्पादनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. हा मार्ग आज महाग आहे. परंतु २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे भारताचे वचन पोलादाला वगळून पुरे होणार नाही.

मुलांना याच गावात काम मिळेल का, हा पालकांच्या मनातील प्रश्न रास्त आहे. ज्या कोळशाने दोन-तीन पिढ्यांची चूल पेटती ठेवली, त्याची निंदा करणे कृतघ्नपणाचे ठरेल. त्यालाच कायमचा आधार मानणे अदूरदृष्टीचे. पोलाद राहावे आणि धूर जावा, असे वाटत असेल, तर क्षपणाचा धडा परीक्षेपुरता न शिकविता भट्टीकडे बोट दाखवून शिकवायला हवा. हीरक महोत्सवी वर्षात शाळेने एवढा एक संकल्प केला, तरी पुष्कळ आहे.