पाच गावांची पायवाट



परदेशी जाऊन आलेला माणूस बोलायला बसला की ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा उठतो. आता हा उंच इमारतींची वर्णने करणार आणि 'आपल्याकडे हे कधी होणार' असा सुस्कारा सोडणार, असे वाटते. आज मी तसे काही करणार नाही. मी सांगणार आहे ती एका पायवाटेची गोष्ट आहे. त्या वाटेवर उंच इमारती नाहीत. दगड आहेत, द्राक्षांचे वेल आहेत, आणि आपल्या हरभऱ्याच्या पिठाचा एक पदार्थसुद्धा आहे.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. प्राथमिक शाळेत चौतीस वर्षे मास्तरकी केली. मुलगी आणि जावई जर्मनीत असतात. 2024 च्या सप्टेंबरअखेरीस त्यांनी मला इटलीला नेले. मुलगी म्हणाली, "बाबा, आपल्याला पाच दिवस चालायचं आहे." मी म्हटले, "अगं, चालायला एवढं लांब कशाला जायचं? आपला घाट काय वाईट आहे?" पण गेलो.

इटलीच्या वायव्येला लिगुरिया नावाचा प्रांत आहे. जेनोवा हे त्याचे मुख्य शहर, म्हणजे कोलंबसाचे गाव. तेथून किनाऱ्याने आग्नेयेकडे निघाले, की ला स्पेत्सिया या बंदराच्या अलीकडे डोंगर एकदम समुद्रात उतरतात. सपाट जमीन अशी नाहीच. या उतारावर पाच लहान गावे आहेत : मोंतेरोस्सो, वेर्नात्सा, कोर्नील्या, मानारोला आणि रिओमाज्जोरे. या मुलखाला 'चिंक्वे तेर्रे' म्हणतात, म्हणजे पाच भुई. 1874 साली येथून आगगाडी गेली. त्याआधी जायचे तर होडीने, नाहीतर खेचराच्या वाटेने. आज आपण चालतो त्या वाटा म्हणजे या खेचरांच्या आणि शेतकऱ्यांच्या जुन्या वाटाच आहेत. सहलीकरता त्या कोणी आखलेल्या नाहीत, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आमचा मुक्काम मोंतेरोस्सोला होता. रोज एक टप्पा चालायचा आणि संध्याकाळी आगगाडीने परत यायचे. दोन गावांमध्ये गाडीला चारपाच मिनिटे लागतात. आम्ही नऊजण होतो, आणि वाट दाखवायला त्याच मुलखातल्या एक बाई. वय पन्नाशीचे, बांधा काटक, हातात काठी. पहिल्या सकाळी त्यांनी प्रत्येकाच्या पायांकडे पाहिले. चपला घालून या वाटेवर येणाऱ्याला तेथे दंड होतो. मी कॅनव्हासचे बूट घातले होते. बाईंनी ते वाकवून पाहिले, तळ चाचपला आणि मान हलवली. परीक्षेत पास झाल्यासारखे वाटले!

मोंतेरोस्सो ते वेर्नात्सा हे अंतर साडेतीन किलोमीटरांच्या आसपास. तुम्ही म्हणाल, हे काय चालणे झाले? पण त्याला दोन तास लागतात. सारख्या पायऱ्या आहेत, आणि एकीसारखी दुसरी नाही. उजव्या हाताला खाली निळाशार समुद्र आणि डाव्या हाताला दगडी बांध. बांधावर बांध, त्यावर आणखी बांध, थेट डोंगरमाथ्यापर्यंत. दोन बांधांच्या मधे दोनचार पावले रुंदीची माती, आणि त्या मातीत द्राक्षाचे वेल, नाहीतर ऑलिव्हची झाडे. मोंतेरोस्सोच्या बाजूला लिंबांच्याही बागा आहेत.

हे बांध पाहून मी थबकलो. कारण त्यांत चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर नुसता दगड. अहो, हा तर आपला कोकणातला गडगा! बाहेरच्या अंगाला मोठे दगड, एकमेकांत बसवलेले. मागे बारीक दगडांची भर. आणि त्याच्या मागे माती. पाऊस पडला की पाणी या फटींतून झिरपून जाते आणि माती जागच्या जागी राहते. चुन्याने फटी बुजवल्या तर पाणी मागे तुंबेल आणि भिंत ढकलून देईल. सुमारे हजार वर्षे या डोंगरावर माणसे असे बांध घालीत आली आहेत. युनेस्कोने 1997 साली हा मुलूख जागतिक वारशात घेतला, आणि 2018 साली इटलीसह आठ देशांतली कोरडे दगड रचण्याची ही कलाही मानवजातीचा वारसा म्हणून नोंदवली. आमचे वडील हीच कला पावसाळ्याआधी लुंगी नेसून करीत असत. तिला कोणी कला म्हणत नव्हते.

आता जेवणाकडे वळतो, कारण चालून भूक लागली आहे.

तेथला पहिला पदार्थ 'फारिनाता'. हरभऱ्याचे पीठ एक वाटी, पाणी तीन वाट्या, मीठ. हे कालवून काही तास ठेवायचे, वर आलेला फेस काढायचा. मग तांब्याच्या कल्हई केलेल्या मोठ्या परातीत ऑलिव्हचे तेल घालून त्यात हे पातळ पीठ ओतायचे, आणि लाकडाच्या भट्टीत भाजायचे. वरून खरपूस, आत मऊ. त्यावर मिरपूड भुरभुरतात आणि गरम गरम खातात. मी पहिला घास घेतला आणि मुलीला म्हटले, "अगं, हे तर पिठल्याचं लग्न धिरड्याशी लागलं!" गरिबांच्या पोटाला आधार म्हणून हा पदार्थ जन्मला. हरभऱ्याने कोठे कोठे माणसे जगवली आहेत, पाहा.

दुसरी गोष्ट 'पेस्तो'. ही आपल्या ठेच्याची चुलत बहीण. संगमरवरी खल आणि लाकडी बत्ता घ्यायचा. आधी लसूण आणि खडेमीठ, मग पाइनच्या बिया, म्हणजे आपल्या चिलगोजाची जात, मग बेसिलची कोवळी पाने, शेवटी किसलेले चीज आणि ऑलिव्हचे तेल. ही बेसिल कोण म्हणाल? आपण उन्हाळ्यात पाण्यात सब्जा भिजत घालतो ना, तोच सब्जा. तुळशीच्याच कुळातला. आपण बी खातो, ते पाने खातात. बत्ता आपटायचा नाही, खलाच्या कडेने गोल फिरवायचा. पान चिरडावे पण तापू नये, तापले तर काळे पडते. पिठाच्या पिळदार शेवया, बटाटा आणि फरसबी एकाच भांड्यात उकडतात, आणि वर ही हिरवी चटणी घालून कालवतात.

मोंतेरोस्सोचा मासा म्हणजे आपल्या मांदेलीच्या कुळातला बोटभर मासा. रात्री होडीत दिवे लावून तो पकडीत. मिठाचा एक थर, माशांचा एक थर, असे भरून वर वजन ठेवतात आणि मुरवतात. आमच्याकडच्या खारवलेल्या माशाची आठवण झाली. आणखी एक रीत पाहिली. द्राक्षाचे निवडक घोस जाळीवर, सावलीत, वाऱ्याला पसरून काही आठवडे सुकवतात, आणि मग त्यांची गोड दारू काढतात. दारूच्या वाटेला मी गेलो नाही. पण ती सुकवण पाहून तासगावकडच्या बेदाण्याच्या शेडी डोळ्यांपुढे आल्या.

तिसऱ्या दिवशी आम्ही कोर्नील्याहून मानारोलाला निघालो. समुद्रालगतची वाट दरडीमुळे बंद होती, म्हणून वरच्या अंगाने, वोलास्त्रा नावाच्या वस्तीवरून, द्राक्षमळ्यांतून गेलो. तोडणीचा हंगाम होता. उतार असा, की बैलगाडी नाही, ट्रॅक्टर नाही. एका दातेरी रुळावरून चालणारी लहानशी गाडी द्राक्षांचे क्रेट घेऊन खडखडत वर जाते. ती येण्यापूर्वी हे सारे ओझे माणसांच्या डोक्यावर आणि खांद्यावर असे.

चालता चालता बाई एकाएकी थांबल्या. वाटेच्या कडेचा एक दगड निखळून पडला होता. त्यांनी काठी खाली ठेवली, दगड उचलला, दोनतीनदा फिरवून पाहिला आणि त्याच्या जागी बसवला. मग पुढे चालू लागल्या. मी मुलीकडून विचारवले, "हे तुमचं काम आहे का?" त्या म्हणाल्या, "दगड पाहणाऱ्याचं काम."

मग त्यांनी समोरचा डोंगर दाखवला. त्यावर नुसते रान माजले होते. नीट पाहिले तेव्हा रानाखाली बांधांच्या रेघा दिसल्या. ही पूर्वीची शेते. तरुण माणसे कारखान्यांत गेली, बंदरात गेली, म्हातारी थकली. शेत सोडले की प्रथम गवत येते, मग रानडुकरे येतात आणि बांध उकरतात. फट बुजते, पाणी तुंबते, बांधाला पोट येते, आणि एका पावसात तो बसतो. तो बसला की त्याच्या खालचा बसतो.

25 ऑक्टोबर 2011 रोजी या मुलखात काही तासांत भयंकर पाऊस कोसळला. डोंगरावरून माती, दगड, झाडे वाहत आली. वेर्नात्सा आणि मोंतेरोस्सो येथले तळमजले चिखलाने भरून गेले, मोटारी समुद्रात गेल्या, माणसे दगावली. नंतर अभ्यासकांनी त्या उतारांची पाहणी केली. त्यांना आढळले, की दाट रानापेक्षा आणि कसत्या शेतापेक्षा जास्त दरडी कोसळल्या त्या नुकत्याच सोडलेल्या बांधांच्या जमिनीत. पाऊस काही आपल्या हातात नाही. पण बांध आपल्या हातात होता.

मी विचारले, "मग आमच्यासारख्या पाहुण्यांचा या गावांना उपयोग की उपद्रव?" बाई हसल्या. दोन्ही, म्हणाल्या. वर्षाला लाखो माणसे येतात. त्यांतली पुष्कळशी गाडीतून उतरतात, फोटो काढतात आणि जातात. गर्दीने गावकऱ्यांना जिन्यावरून चालणे मुश्किल होते. शेत कसण्यापेक्षा खोली भाड्याने देणे सोपे, म्हणूनही शेत ओस पडते. पण जो पायी चालतो आणि येथले लिंबू, येथले तेल, येथला मासा विकत घेऊन खातो, त्याच्या पैशातला काही भाग बांधापर्यंत पोचतो. वाटेवर चालण्यासाठी जे तिकीट घ्यावे लागते, त्यातूनही वाटांची डागडुजी होते. शेवटच्या दिवशी आम्ही मानारोला ते रिओमाज्जोरे ही प्रसिद्ध वाट चाललो. एक किलोमीटरही नाही ती. 2012 साली तिच्यावर दरड कोसळून माणसे जखमी झाली, आणि ती पुन्हा सगळ्यांना खुली व्हायला 2024 चा ऑगस्ट उजाडला. म्हणजे बारा वर्षे! पडायला एक क्षण आणि उभारायला एक तप.

आता बाईंनी मला उलट प्रश्न केला. माझ्या गावीही असेच बांध आहेत, हे मी मोठ्या अभिमानाने सांगितले होते. त्या म्हणाल्या, "मग तुमचे बांध आता कोण सांभाळतं?"

श्रोतेहो, वर्गात मी हजारो प्रश्न विचारले असतील. या एका प्रश्नाला मला उत्तर देता आले नाही. आमच्या वरकस जमिनीत वडिलांनी घातलेले सात बांध आहेत. त्यांवर नाचणी होत असे. वडील जाऊन एकोणीस वर्षे झाली. त्या एकोणीस वर्षांत मी एकाही दगडाला हात लावलेला नाही. मुलांना मात्र भूगोलाच्या तासाला 'जमिनीची धूप' दरवर्षी शिकवली, फळ्यावर आकृती काढून.

माझ्या शिक्षकबंधूंना आणि भगिनींना म्हणून एक विनंती आहे. हा धडा आला म्हणजे मुलांना एकदा जवळच्या बांधावर न्या. गावात गडगा रचता येणारा म्हातारा असेल, तर त्याला त्या दिवशी गुरुजी करा. दगडाचे तोंड कोणते आणि पाठ कोणती, हे त्याच्याकडून शिकू द्या. आणि गावात पाहुणे येत असतील, तर त्यांना घावन, कुळथाची पिठी आणि नाचणीची भाकरी वाढायला लाजू नका. चिंक्वे तेर्रेची माणसे आपले बेसन पाहुण्यांना मानाने वाढतात.

घरी परतल्यावर त्या दिवाळीत मी गावच्या एका जाणत्या गड्याला बरोबर घेतले आणि सातांपैकी एक बांध उचलायला घेतला. तीन दिवसांत दहा हात काम झाले. माझे दगड पाहून तो म्हणाला, "मास्तर, तुमचं अक्षर चांगलं आहे, पण हे काही वळणात नाही!" त्याचे खरे ठरले. 2025 च्या पावसात माझ्या हातचा भाग बसला. त्याच्या हातचा भाग उभा आहे. यंदा पुन्हा बसणार आहे त्याच्याशेजारी, शिकायला.