एंटर दाबण्यापूर्वी

इंदूरच्या सांवेर रोडवरील एका कारखान्यात मी काही काळ संगणक-विभाग सांभाळीत असे. एका रात्रपाळीची गोष्ट. एक तरुण सहकारी सर्व्हरवरील जुन्या फायली काढून टाकीत होता. तेथे चित्रे नव्हती की माऊस नव्हता. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकून एंटर दाबावयाची, एवढेच काम. लांबलचक आज्ञेच्या आरंभी फोल्डरचे नाव चुकले. डाव्या बाणाची कळ पुन:पुन्हा दाबण्याचा त्याला कंटाळा आला. ती ओळ सोडून त्याने वरच्या बाणाने एक जुनी आज्ञा मागविली आणि न वाचताच एंटर दाबला. चालू महिन्याच्या मालाच्या नोंदी क्षणात नाहीशा झाल्या! अशा पुसण्याला कचरापेटीचा आधार नसतो. आदल्या रात्रीची प्रत होती म्हणून निभावले. दिवसभराच्या नोंदी मात्र कागदांवरून पुन्हा उतरवाव्या लागल्या.

दोष त्या तरुणाचा खरा. पण ओळ कशी सुधारावी, हे त्याला कोणी शिकविलेच नव्हते. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला ‘बॅश’ हा आज्ञा स्वीकारणारा कार्यक्रम 1989 मध्ये बाहेर आला. त्यातील सुधारणेच्या कळा बहुतांशी ‘ईमॅक्स’ या त्याहून जुन्या संपादकाच्या वळणाच्या आहेत. कंट्रोल धरून ए दाबा, ओळीच्या आरंभी जाल. ई दाबा, शेवटी याल. डब्ल्यूने मागचा एक शब्द जातो, यूने आरंभापर्यंतचा आणि केने शेवटापर्यंतचा मजकूर जातो. गेलेला मजकूर वायने परत येतो. आरने जुनी आज्ञा शोधता येते, आणि सीने सारी ओळच सोडून देता येते.

मन साशंक असेल, तर आणखी एक युक्ती आहे. कंट्रोल-एने आरंभी जाऊन तेथे हॅशचे चिन्ह घालावे आणि मग एंटर दाबावा. आज्ञा अमलात येत नाही, पण इतिहासात जपून राहते. सावकाश तपासून ती पुढे वापरता येते.

या कळांनी वेळ वाचतो, हे तर आहेच. परंतु त्यांचा मोठा लाभ असा की सुधारणे सोपे झाले म्हणजे माणूस सुधारण्याचा आळस करीत नाही. धनुष्यातून सुटलेला बाण परत येत नाही. तो सुटेपर्यंतचा क्षण मात्र आपल्या हातचा असतो. त्या क्षणी ओळ एकदा वाचावी, एवढीच विनंती.