खऱ्या-खोट्या शिकवणीची पारख

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त सभासद भगिनींपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या चिटणीसबाईंनी जेव्हा मला सांगितले की, यंदा प्रत्येकीने आपापल्या घरच्या धर्मातील एखादा विषय घेऊन चार शब्द बोलावेत, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी काही विदुषी नव्हे. शिवाय ख्रिस्ती बाई धर्मावर बोलायला उभी राहिली की समोरच्या दोघीतिघींच्या मनात येते, ही आता आपल्याला बाटवायला निघाली! तेव्हा आधीच सांगून टाकते, तसला काही बेत नाही. मला बोलायचे आहे ते आमच्याच घरात शिरलेल्या खोट्याविषयी. आपल्यात म्हण आहे, गुरू करावा जाणून, पाणी प्यावे गाळून. पाणी आपण रोज गाळतो, तांदूळ निवडल्याशिवाय चुलीवर चढवीत नाही. परंतु कोणी देवाचे नाव घेऊन दारात उभा राहिला की तेवढ्यापुरते चाळण, सूप सगळे बाजूला ठेवतो. मीही ठेवले होते.

त्या वेळी आम्ही लालबागला चाळीत राहत होतो. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, तो आपल्यातल्या पुष्कळजणींना आठवत असेल. आमचे धाकटे दीर गिरणीत होते. वर्ष लोटले, पगार नाही, वाण्याची उधारी वाढत चाललेली, आणि त्यातच माझ्या धाकट्या जावेला क्षय झाल्याचे निघाले. दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, इंजेक्शने सुरू झाली. तीन महिने तिने नेमाने औषध घेतले. खोकला थांबला, तोंडावर जरा तेज आले. डॉक्टरांनी बजावून सांगितले होते की, बरे वाटले तरी गोळ्या सोडायच्या नाहीत.

त्याच सुमारास दादरला एका भाड्याच्या हॉलात एक उपदेशक येत असे. बोलणे मोठे रसाळ. आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेब घसा साफ करीत करीत बोलायचे. इथे पेटी, झांजा, टाळ्या, रडणे. मला ते फार आवडले. जावेला मीच तिथे घेऊन गेले. मीच, हे मी मुद्दाम दोनदा सांगते आहे. तो उपदेशक म्हणाला की, ज्याचा विश्वास पुरा आहे त्याला गोळी कशाला हवी? गोळी खाणे म्हणजे देवावर संशय घेणे. आणि देवापुढे जेवढे पेराल त्याच्या शंभरपट उगवेल. जावेच्या हातात तेव्हा दोनच सोन्याच्या बांगड्या उरल्या होत्या, बाकीच्या सोनाराकडे गेलेल्या. त्या दोन तिने थैलीत टाकल्या. मग तिला पुढे उभे केले आणि तिने सांगितले की, माझा खोकला गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. तो खोकला तीन महिन्यांच्या गोळ्यांनी गेला होता, हे त्या हॉलात एकीच्याही डोक्यात आले नाही!

चार महिन्यांनी खोकला परत आला, आणि या वेळी रक्तासकट. अर्ध्यावर सोडलेला क्षय जुन्या गोळ्यांना दाद देईनासा होतो. मग शिवडीचे रुग्णालय, दुसरी औषधे, त्यांचा त्रास, दोन वर्षे. ती वाचली. मी त्या उपदेशकाला जाब विचारायला दादरला गेले, तर हॉलात कोणाच्या तरी साखरपुड्याची तयारी चाललेली. रखवालदार म्हणाला, ते महाराज गेले. कुठे गेले, ठाऊक नाही.

त्या रात्री घरी येऊन मी पवित्र शास्त्र उघडले. तोवर ते मी रविवारी वाचत असे, म्हणजे वाचून दाखवलेले ऐकत असे. आता मला एकच गोष्ट शोधायची होती: या बाबतीत मला कोणी आधी सावध केले होते की नाही? आणि भगिनींनो, जागोजाग केले होते. प्रभू येशूने स्वतः सांगितले की, खोटे संदेष्टे मेंढरांच्या वेषात येतील, त्यांना फळांवरून ओळखा. त्याच ठिकाणी पुढे असेही आहे की, पुष्कळजण प्रभूचे नाव घेतील, त्याच्या नावाने चमत्कारही करतील, आणि तरी तो त्यांना ओळख देणार नाही. म्हणजे चमत्कार झाला एवढ्याने काही सिद्ध होत नाही! योहानाच्या पत्रात प्रत्येक आत्म्याची परीक्षा करा म्हणून सांगितले आहे. तिथे मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे तो धातू किंवा नाणे पारखून घेण्याचा आहे, असे मला पुढे एका जाणत्या गृहस्थांनी सांगितले. आपला ‘कसोटी’ हा शब्द तरी कुठला? झवेरी बाजारातला सोनार ज्या काळ्या दगडावर सोने घासतो, तीच कसोटी.

मला स्वतःला सर्वांत लागली ती यिर्मयाची गोष्ट. यरुशलेमवर परचक्र आलेले, देवळातली भांडी बाबेलच्या राजाने नेलेली. यिर्मया मानेवर लाकडी जू घेऊन हिंडे आणि सांगे की, ही गुलामी अजून पुष्कळ दिवस चालायची आहे. हनन्या नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याने भर देवळात ते जू मोडून टाकले व जाहीर केले की, दोन वर्षांच्या आत सगळे परत येईल. लोकांना कोणाचे बोलणे गोड लागले असेल, ते सांगायला नको. पण यिर्मयाने काय करावे? तो म्हणाला, तसेच होवो! आणि निघून गेला. भांडला नाही. काही काळाने परत येऊन मात्र त्याने स्पष्ट सांगितले की, तू लोकांना लबाडीवर भरवसा ठेवायला लावतो आहेस. खरे बोलणाऱ्याला घाई नसते, हे मला तिथे प्रथम उमगले. फळांवरून ओळखायचे म्हणजे झाडाला फळ येईपर्यंत थांबायचे, आणि आम्ही तर मोहोर पाहूनच टाळ्या वाजवल्या होत्या.

पैशाच्या बाबतीत तर जुन्या लोकांनी फारच रोखठोक नियम घातले होते. ‘डिडाखे’ नावाची एक लहानशी पोथी आहे; डिडाखे म्हणजे शिकवण. ती ख्रिस्ती मंडळीच्या अगदी आरंभीच्या काळातली. कित्येक शतके ती हरवल्यासारखीच होती. 1873 साली कॉन्स्टँटिनोपलला ब्रिएन्निओस या धर्माधिकाऱ्यांना तिची प्रत मिळाली व 1883 साली ती छापून निघाली. तीत सांगितले आहे की, फिरता उपदेशक दारी आला तर त्याचा आदर करावा. एक दिवस, गरज पडली तर दोन दिवस ठेवून घ्यावे. तिसऱ्या दिवशीही मुक्काम हलवला नाही तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. आणि अंगात आल्यावर जेवणाचे पान मांडा म्हणणारा नि स्वतःच त्यावर बसणारा, तोही खोटा! हे वाचून मी एकटीच हसले. हे नियम कोणा घर चालवणाऱ्या बाईनेच सांगितले असावेत, असे मला अजूनही वाटते.

आता तुम्ही विचाराल की, हे सगळे पुस्तकात होते, मग तुम्ही आधी का नाही वाचले? कारण त्या हॉलात वचने काही कमी नव्हती. वचनांचा पाऊस होता. परंतु प्रत्येक वचन अर्धे. शंभरपटीचे सांगितले, वैद्याची गरज आजाऱ्यांना असते असे येशूच म्हणाला होता, ते सांगितले नाही. पौलाचा आवडता सोबती लूक हा वैद्य होता, तेही नाही. पुस्तक दुसऱ्याच्या हातात असले की आपल्याला तो देईल तेवढाच घास मिळतो.

ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात एका बाईने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी ओळखली होती, आणि तिचे काम आपल्या दाराशीच सुरू झाले होते. या मंडळापासून चौपाटी किती लांब? पायी दहा मिनिटे. तिथे विल्सन कॉलेजजवळ 11 मार्च 1889 रोजी पंडिता रमाबाईंनी शारदा सदन उघडले. पुढे ज्यांचा विवाह धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला त्या गोदूबाई तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी. पुढच्याच वर्षी सदन पुण्यास गेले, आणि 1893 साली मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून केवढे रण माजले, हेही आपल्याला माहीत आहे. रानडे व भांडारकर यांच्यासारखी माणसे त्या वेळी सल्लागार मंडळातून बाहेर पडली. ते सगळे चुकले असे मी म्हणणार नाही. तो वाद इथे तासाभरात मिटायचा नाही. मला रमाबाईंचे दुसरेच काही सांगायचे आहे.

1883 साली त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या भगिनींच्या मठात राहिल्या. त्या मठाच्या भगिनी लंडनमध्ये फुलहॅम येथे, समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी घर चालवीत. ते काम रमाबाईंनी आपल्या डोळ्यांनी पाहिले. ज्या बाईला आपल्याकडे कोणी उंबऱ्यावर उभे करणार नाही तिला तिथे मायेने वागवतात, हे पाहून त्या थक्क झाल्या, आणि कारण विचारले तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. म्हणजे आधी फळ पाहिले, मग झाड कोणते ते विचारले. सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पण गंमत अशी की, बाप्तिस्मा झाला म्हणून त्यांचे विचारणे थांबले नाही. त्या चर्चमध्ये म्हटला जाणारा एक जुना मतांगीकार त्यांना पटेना. शास्त्रात हे कुठे आहे ते दाखवा, असे त्या म्हणू लागल्या. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डीन यांना चिंता पडली, मुलगी भरकटते आहे. 1885 सालचा त्यांचा पत्रव्यवहार आज छापलेला उपलब्ध आहे. रमाबाईंचे म्हणणे थोडक्यात असे की, आमच्याकडच्या पुरोहितांचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले, ते दुसऱ्या पुरोहितांचे घालून घेण्यासाठी नव्हे. क्रुसावर लॅटिन अक्षरे हवीत असा आग्रह झाला, तर त्यांनी विचारले की, लॅटिनमध्ये आमच्या संस्कृतपेक्षा अधिक काय आहे? आणि एवढे होऊनही त्या सिस्टरना ‘आजीबाई’ म्हणत राहिल्या. भांडण मतांशी होते, माणसाशी नव्हते.

इथे मला माझ्याच लोकांना एक बोलायचे आहे. ‘खोटी शिकवण’ हा शब्द आपण फार लवकर उचलतो. ज्याचा चर्चचा फाटा निराळा, जो अडचणीचा प्रश्न विचारतो, त्याला तो चिकटवतो. रमाबाईंनाही चिकटवलाच होता. जावेच्या प्रकरणानंतर मीही दोनतीन वर्षे तशीच झाले होते. कोणी हात वर करून प्रार्थना केली तरी मला त्यात भोंदूपणा दिसे. त्या विषारी दिवसांतून मला बाहेर काढले ते रमाबाईंच्याच एका उदाहरणाने. 1905 साली केडगावच्या मुक्ती सदनात मोठी जागृती झाली. मुली तासन्‌तास रडत, प्रार्थना करीत, पुढे काही अनोळखी भाषांत बोलू लागल्या. बाहेरच्यांनी टीका केली. रमाबाईंनी त्या मुलींना झिडकारले नाही, नि त्या भाषांचा डंकाही पिटला नाही. अशी दाने टाकून देऊ नयेत, परंतु आत्मा आल्याची अवश्य खूण एकच, ती म्हणजे प्रीती, असे त्यांनी लिहून ठेवले.

आणि मग त्यांनी ते काम हाती घेतले, ज्यासाठी मी त्यांचे नाव काढले. मराठीत शास्त्राचे भाषांतर होते. पण त्याची भाषा संस्कृतप्रचुर, मुक्तीतल्या दुष्काळातून आलेल्या, खेड्यातल्या मुलींना न कळणारी. ऐकू कमी येत असलेल्या या बाईने उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास करून साऱ्या शास्त्राचे सोप्या मराठीत भाषांतर केले. खिळे जुळवणे, छपाई, बांधणी, सर्व मुक्तीतल्या स्त्रियांनी केले. 1913 साली नवा करार निघाला. 1922 च्या 5 एप्रिलला रमाबाई वारल्या आणि 1924 साली संपूर्ण ग्रंथ बाहेर आला. मला कोणी तज्ज्ञ सांगतात की, त्या भाषांतरात कुठे कुठे भाषा ओबडधोबड आहे. असेल. परंतु ज्या बाईच्या हातात ते पुस्तक होते तिला अर्ध्या वचनावर कोणी फसवू शकला नसता.

प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया गावाची हकीगत आहे. खुद्द पौल तिथे उपदेश करायला गेला, तर तिथले लोक रोज शास्त्र काढून पाहत की, हा सांगतो ते खरे आहे की काय. त्यांना लूकने उद्धट म्हटले नाही, थोर मनाचे म्हटले. आणि विश्वास ठेवणाऱ्यांत प्रतिष्ठित स्त्रियाही पुष्कळ होत्या, असे तो मुद्दाम नमूद करतो. पौलही रागावला नाही. आमच्या त्या हॉलात मी एकदा भीतभीत विचारले होते की, डॉक्टर तर गोळ्या सोडू नका म्हणतात. मला उत्तर मिळाले की, बाई, हा प्रश्न तुमचा नाही, सैतान तुमच्या तोंडून विचारतो आहे. त्याच वेळी मी जावेचा हात धरून उठायला हवे होते. मी गप्प बसले.

जाऊ अजून आहे, देवाच्या कृपेने. जिना चढताना धाप लागते, तेवढेच. तिने मला कधी बोल लावला नाही, एकदाच, भांडी घासता घासता म्हणाली, “ताई, टाळ्यांचा आवाज मोठा होता हो.” तिच्याकडे आता कोणी पुस्तिका घेऊन आला तर ती त्याला बसवते, चहा देते, राहता कुठे, घरी कोण आहे, पुढच्या महिन्यात याल का, असे विचारते. बहुतेक परत येत नाहीत. गेल्या काही महिन्यांपासून एक तरुण मुलगा येतो. पैसे मागितले नाहीत. तिची औषधाची चिठ्ठी बघून दुकानातून गोळ्या आणून दिल्या. मी विचारले, कसा वाटतो? ती म्हणाली, तीनदाच तर आला आहे.