खिचडी आठवीपर्यंत

(युवकांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी भाषण करणारा माणूस नाही. दिवसा गोदीत माल उचलतो, रात्री जमलं तर कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. तेवढ्या शिदोरीवर आज शाळेबद्दल बोलायला उभा आहे. कॉलेजबद्दल, आरक्षणाबद्दल, फेलोशिपबद्दल बोलणारे आपल्यात पुष्कळ आहेत. पण कॉलेजच्या फाटकाआधी एक फाटक लागतं, नववीचं. तिथं आपली पोरं गळतात आणि त्याचा आवाजसुद्धा होत नाही. म्हणून बोलतो.

गाव माझं भंडारा जिल्ह्यातलं. वैनगंगा, तलाव, धानाच्या बांध्या, तुमसरकडे मँगनीजच्या खाणी, घराघरात बिड्यांची सुपं. 1954 च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेबांना पाडलं तो हा जिल्हा. 29 सप्टेंबर 2006 ला खैरलांजी झाली तोही हाच. त्या घरातली प्रियंका शिकणारी पोर होती. माय सुरेखाबाई, ती आणि दोन भाऊ, चौघांना गावानं मारलं. आपल्या माणसानं ताठ मानेनं जगावं, पोरीनं शिकावं, हे अजून काहींच्या डोळ्यात खुपतं. शाळेबद्दल बोलताना हे विसरायचं नाही.

माझ्या शाळेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ती एक शाळा वाईट. गोष्ट एका शाळेची नाही. फक्त आठवडा कसा जातो ते सांगतो. सोमवार ते शनिवार.

सोमवारी परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका. समतेचा शब्द सगळ्यांच्या तोंडी. मग वर्गात गेलं की गुरुजींचा पुकारा : "एससीवाले उभे राहा, कागदं कोणाची राहिली?" आम्ही उभे राहायचो. बाकीचा वर्ग बसून बघायचा. समता मैदानात संपली, वर्गात जात सुरू झाली. शिष्यवृत्ती हा हक्क आहे, पण देताना तो असा दिला जातो की पोरगं मान खाली घालून घेतं. काही पोरं तर उभंच राहायला नको म्हणून फॉर्म भरत नाहीत. यादी कार्यालयात असते. एकेकाला बोलावून सांगायला काय लागतं?

मंगळवारी खिचडी. रोजच असते म्हणा. 15 ऑगस्ट 1995 ला देशात शालेय पोषण आहार सुरू झाला, तो पहिली ते पाचवीला. पुढं आठवीपर्यंत गेला आणि तिथंच थांबला. 2009 चा शिक्षणहक्क कायदासुद्धा सहा ते चौदा वर्षं वयाचा, आठवीपर्यंतचा. माध्यमिक शाळेत याचा अर्थ काय होतो बघा. एकाच पटांगणात आठवीचं पोरगं ताटली घेऊन रांगेत, आणि नववीचं पोरगं नळावर पाणी पिऊन वास घेत बसलेलं. एप्रिलमध्ये ज्याला भूक होती त्याला जूनमध्ये भूक नसते, असं हा हिशेब धरतो. चौदाव्या वर्षी पोटाची भूक संपते की वाढते? गोदीतल्या कुठल्याही मुकादमाला विचारा, तो सांगेल. तामिळनाडूनं 1982 साली सुरू केलेलं शाळेतलं जेवण पुढं दहावीपर्यंत नेलं. कर्नाटकानंही नेलं. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव उठता-बसता घेणाऱ्या महाराष्ट्राला का जमू नये?

बुधवार आमच्या गावचा बाजार. वर्ग अर्धा रिकामा. आदल्या दिवशी मजुरी मिळते, बाजाराला मायबाप जातात, लहान्यांना सांभाळायला मोठी पोर घरी. आषाढ-श्रावणात तर सगळेच वार बुधवार. रोवणी लागलेली असते. माय म्हणते, "चाल रोवनीले, शाळा काई पळून नाई जात." खोटं नाही बोलत ती. शाळा पळत नाही, पोरगं मागं पडतं. पुढं कापणी, मग ऐन दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत मोहफुलं. मोह पहाटे वेचावा लागतो आणि पेपर अकराला. शाळेचं वेळापत्रक आणि पोटाचं वेळापत्रक एकमेकांना कधी भेटलेलंच नाही.

गुरुवारी एसटीबद्दल सांगतो. खेड्यातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास फुकट. चांगली योजना आहे, मी वाईट म्हणणार नाही. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळाल्या, त्याही चांगल्या. पण पासानं गाडी येत नाही. संध्याकाळची फेरी रद्द झाली की पोरी फाट्यावर अंधार पडेस्तोवर उभ्या. दोनदा असं झालं की बाप म्हणतो, पुरे झाली शाळा. एक फेरी रद्द करताना डेपोला डिझेल दिसतं. त्या फेरीबरोबर किती पोरींची दहावी रद्द झाली ते कुठल्या वहीत लिहिलं जात नाही.

शुक्रवार कागदांचा. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार, बँकेचं खातं. नववी-दहावीतल्या अनुसूचित जातीच्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती 2012 साली सुरू झाली. घरून येणाऱ्याला महिना 150 रुपये आणि पुस्तकांसाठी वर्षाला 750. पुढं आकडे वाढले. पण ते घ्यायला बापानं तहसिलीला तीन खेपा घालायच्या, म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडवायची. जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा लागतो. भूमिहीनाकडे सातबारा कुठून येणार? मग आजोबाचं नाव शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात शोधायचं. आजोबा शाळेतच गेला नसेल तर? ज्याला शिकू दिलं नाही त्याच्याकडंच शिकल्याचा पुरावा मागायचा!

शनिवारी सकाळची शाळा, कवायत, लवकर सुट्टी. शनिवारीच मुख्याध्यापक फलकाकडे बोट दाखवायचे : निकाल शंभर टक्के. हे शंभर टक्के कसे होतात ते ऐका. कच्चं पोरगं नववीत बसवून ठेवायचं, नाहीतर गोडीनं सांगायचं, "बाळा, तू सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून बस." सतरा नंबर म्हणजे खासगी विद्यार्थी. तो नापास झाला तर शाळेच्या खात्यात येत नाही. माझ्या वर्गातली चार पोरं अशीच बाहेर बसली. चौघांतलं एकही पास झालं नाही. शाळेचा फलक स्वच्छ राहिला. मित्रांनो, शंभर टक्क्यांचा फलक दिसला की एकच प्रश्न विचारा : नववीच्या पटावर किती होते?

आता तुम्ही म्हणाल, रडगाणं पुरे, करायचं काय? तर एक बाई सांगतो. उमरेडच्या जाईबाई चौधरी. नागपूर-कामठीच्या रस्त्यावर डोक्यावरून ओझी वाहायच्या. माझ्यासारख्याच हमाल. एका मिशनरी बाईच्या मदतीनं शिकल्या, मिशनच्या शाळेत शिक्षिका झाल्या. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून सवर्णांनी ओरड केली, नोकरी गेली. त्यांनी नागपुरात चोखामेळ्याच्या नावानं मुलींची शाळा काढली. आपल्याकडं त्यांच्यापेक्षा जास्त आहे. प्रत्येक वस्तीत विहार आहे, वीज आहे, दहावी झालेलं एकतरी पोरगं आहे.

सहा वार शाळेचे झाले. सातवा वार, रविवार, आपला. रविवारी विहारात नववी-दहावीचं गणित आणि इंग्रजी. जूनच्या आधी, मेमध्येच, वस्तीतल्या प्रत्येक आठवी पास पोराचे दाखले गोळा करायचे. एकानं बारा जणांचे कागद घेऊन तहसिलीला जायचं, म्हणजे बारा बापांची मजुरी वाचते. नववीच्या पटाची नोंद आपण ठेवायची. पोरगं चार दिवस दिसलं नाही तर पाचव्या दिवशी आपण त्याच्या दारात. आणि रस्त्यावरची मागणी एकच : खिचडी दहावीपर्यंत. योजनांना नावं फार झाली, आता ताटं वाढवा.

बाबासाहेबांनी 1945 साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, 1946 ला सिद्धार्थ कॉलेज उभं केलं. ते कॉलेज आहेच. तिथवर जायची वाट मात्र नववीतून जाते, आणि ती वाट राखायला पदवी लागत नाही. मॅट्रिक पुरतं. हमालही चालतो.

जय भीम.