वेग कोणत्या कामाचा? : लॅपटॉप आणि सर्व्हर प्रोसेसरांच्या तुलनेविषयी



संगणक खरेदी करणारी व्यक्ती असो, महाविद्यालय असो वा सरकारी कार्यालय, ‘दोहोंपैकी वेगवान प्रोसेसर कोणता?’ हा प्रश्न प्रत्येकाला पडतो, आणि त्याचे उत्तर एका आकड्यात मिळावे अशी अपेक्षाही प्रत्येकाची असते. प्रस्तुत भाषणाचे प्रतिपादन असे, की कामगिरी हा एकट्या प्रोसेसरचा गुण नव्हे. ती प्रोसेसर, त्याला दिलेले काम, त्याच्याभोवतीची मेमरी आणि त्याला मिळणारी वीज या चौघांच्या मेळातून ठरते. म्हणून यांपैकी एकाही गोष्टीचा उल्लेख टाळून केलेली तुलना अपुरी ठरते, आणि प्रसंगी ती सरळ उलट निष्कर्षाकडेही नेते.

एका आकड्याची ही सवय अकारण लागलेली नाही. क्लॉक स्पीड, म्हणजे ज्या स्पंदांच्या तालावर प्रोसेसरचे काम पुढे सरकते त्यांची दर सेकंदाची संख्या, हे दीर्घकाळ बऱ्यापैकी विश्वसनीय माप होते. ट्रान्झिस्टर लहान होत गेला की त्याला लागणारा विद्युतदाबही त्याच प्रमाणात उतरवता येतो आणि चिपच्या दर चौरस मिलिमीटरमागची उष्णता वाढत नाही, हे आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये मांडले होते. गळती प्रवाह वाढल्यामुळे विद्युतदाब आणखी उतरवणे २००५च्या सुमारास अशक्यप्राय झाले आणि उष्णता न वाढवता क्लॉक वाढवत नेण्याची ही सवलत संपली. मे २००४ मध्ये इंटेलने ‘टेजास’ हा अतिवेगवान क्लॉकचा प्रकल्प रद्द करून एका चिपवर एकाहून अधिक कोअर बसवण्याचा मार्ग धरला. कोअर म्हणजे सूचना स्वतंत्रपणे पार पाडू शकणारा प्रोसेसरचा घटक. तेव्हापासून ‘किती वेगवान?’ या प्रश्नाला ‘किती कोअर, आणि त्यांना काम पुरवणार कोण?’ हे प्रश्न कायमचे जोडले गेले.

या प्रश्नांचा उलगडा होण्यासाठी एएमडी कंपनीची ‘झेन ४’ ही रचना सोयीची आहे, कारण तिच्यात एकाच घराण्याचा कोअर लॅपटॉपमध्येही आढळतो आणि सर्व्हरमध्येही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या एपिक ९६५४ या सर्व्हर प्रोसेसरमध्ये ९६ कोअर आहेत, तर २०२३च्या रायझन ७ ७८४०यू या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये ८. सर्व्हर प्रोसेसरची औष्णिक मर्यादा, म्हणजे ज्या शक्तीची उष्णता सतत वाहून नेण्याची सोय करावी लागते ती, ३६० वॅट आहे आणि लॅपटॉप प्रोसेसरची साधारण २८ वॅट. मात्र क्लॉकचा सर्वोच्च वेग सर्व्हरमध्ये ३.७ गिगाहर्ट्झ, तर लॅपटॉपमध्ये ५.१ गिगाहर्ट्झ आहे. याचा अर्थ, ज्या प्रोग्रॅमला एकच कोअर वापरता येतो तो या महागड्या सर्व्हरपेक्षा मांडीवरच्या यंत्रात लवकर पूर्ण होण्याची शक्यता बरीच आहे.

हे आकडे कोअरमागे विभागले की चित्र अधिक स्पष्ट होते. ३६० वॅट ९६ कोअरमध्ये वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३.७५ वॅट येतात, आणि २८ वॅट ८ कोअरमध्ये वाटले तर ३.५ वॅट. लॅपटॉपच्या वाट्यातून चिपवरील ग्राफिक्सचा आणि सर्व्हरच्या वाट्यातून मेमरी व उपकरणे जोडणाऱ्या स्वतंत्र तुकड्याचा खर्च भागतो हे लक्षात घेतले, तरी दोन्हीकडच्या कोअरचे रेशन जवळपास सारखे आहे. अर्थात सर्व्हरचे बळ एकेका कोअरच्या ताकदीत नसून कोअरच्या संख्येत आणि त्या संख्येला पोसणाऱ्या व्यवस्थेत आहे.

ती व्यवस्था म्हणजे मुख्यतः मेमरी. एपिक ९६५४ला मेमरीचे १२ चॅनल, म्हणजे माहिती आणण्याचे १२ समांतर मार्ग आहेत आणि त्यांची एकत्रित सैद्धांतिक वहनक्षमता सेकंदाला ४६०.८ गिगाबाइट आहे. डीडीआर५-५६०० मेमरी बसवलेल्या उपरोक्त लॅपटॉपची ती ८९.६ गिगाबाइट भरते. म्हणजे कोअरची संख्या बारापट असली तरी वहनक्षमता सुमारे पाचपटच आहे, आणि कोअरमागे पाहिले तर लॅपटॉपला ११.२ गिगाबाइट व सर्व्हरला अवघे ४.८ गिगाबाइट मिळतात. ही तूट सर्व्हर काही अंशी कॅशने भरून काढतो. कॅश म्हणजे चिपवरच असलेला जलद पण मर्यादित स्मृतिसाठा. त्याचा तिसरा स्तर सर्व्हरमध्ये ३८४ मेगाबाइटचा, तर लॅपटॉपमध्ये १६ मेगाबाइटचा आहे. ज्या कामाची माहिती कॅशमध्ये मावते त्यात सर्व्हर कोअरसंख्येच्या प्रमाणात पुढे जातो. ज्या कामाला सतत मुख्य मेमरीकडे धाव घ्यावी लागते त्यात त्याची आघाडी पाचपटीच्या आसपास अडते.

कामाचे दोन प्रकारही येथे वेगळे करावे लागतात. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या स्पेक या संस्थेच्या २०१७च्या चाचणीसंचात यासाठी दोन स्वतंत्र मापे आहेत: एक काम पुरे व्हायला किती वेळ लागतो हे ‘स्पीड’ मोजते, तर अनेक प्रती एकाच वेळी चालवून ठरावीक काळात किती काम उरकते हे ‘रेट’ मोजते. दहावी-बारावीचा निकाल ऑनलाइन जाहीर होतो त्या दुपारी लाखो विद्यार्थी एकाच वेळी संकेतस्थळावर येतात. प्रत्येकाची विनंती लहान आणि इतरांहून स्वतंत्र असल्यामुळे तेथे दुसरे माप निर्णायक ठरते. प्राध्यापकाला आपल्या लेखातील एक आलेख तयार करून हवा असेल, तर पहिले.

एकच मोठे काम अनेक कोअरमध्ये वाटता येईल का, याचे उत्तर जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या युक्तिवादात सापडते. कामाचा केवळ ५ टक्के भाग क्रमानेच करावा लागत असेल, तर ८ कोअरवर ते एका कोअरच्या तुलनेत सुमारे ५.९ पट जलद होते आणि ९६ कोअरवर सुमारे १६.७ पट, म्हणजे बारापट कोअर वाढवून लाभ तिपटीहूनही कमी होतो. या हिशेबात दोन्हीकडचे कोअर समान वेगाचे मानले आहेत; एका कोअरच्या टप्प्यात लॅपटॉपचा क्लॉक वरचढ असतो हे धरले, तर अंतर आणखी घटते.

तुलनेचा आणखी एक घटक काळ. लॅपटॉपचा प्रोसेसर थोडा वेळ आपल्या औष्णिक मर्यादेच्या वर जाऊन झपाट्याने काम करतो आणि यंत्र तापले की वेग उतरवतो, कारण त्याचे बहुतेक आयुष्य अल्प घाई आणि दीर्घ विश्रांती अशा चक्रात जाते. सर्व्हरकडून दिवसरात्र सारख्याच गतीची अपेक्षा असते. म्हणून दोन मिनिटांच्या चाचणीत लॅपटॉप जे दाखवतो ते अर्ध्या तासाच्या चाचणीत टिकेलच असे नाही. सातत्याबरोबर अचूकताही येते. गूगलच्या सर्व्हरवर आधारलेल्या २००९च्या एका अभ्यासात वर्षभरात ८ टक्क्यांहून अधिक मेमरी पट्ट्यांमध्ये चुका नोंदल्या गेल्या होत्या. अशा चुका ओळखून दुरुस्त करणारी मेमरी सर्व्हरमध्ये नेहमीची असते आणि सामान्य लॅपटॉपमध्ये क्वचितच. वेगाच्या कोणत्याही कोष्टकात हा गुण दिसत नाही, तरी सर्व्हरच्या किमतीत त्याचा वाटा असतो.

संख्येतून सामर्थ्य उभे करण्याचा हा विचार महाराष्ट्राला परका नाही. पुण्याच्या सी-डॅक संस्थेत डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये सिद्ध झालेला परम ८००० हा महासंगणक ट्रान्स्प्युटर नावाच्या, एकमेकांशी थेट जोडता येणाऱ्या प्रोसेसरांच्या समूहावर उभा होता. त्या प्रकल्पाची कसोटी प्रोसेसर मिळवण्याइतकीच त्यांच्यात काम वाटणारे सॉफ्टवेअर लिहिण्यात होती, आणि आजच्या ९६ कोअरच्या चिपसमोरही प्रश्न तोच आहे.

या विवेचनातून काही व्यवहार्य अपेक्षा निघतात. शिक्षणसंस्था आणि कार्यालये यांच्या निविदांमध्ये केवळ कोअरची संख्या आणि गिगाहर्ट्झ न लिहिता, अपेक्षित काम, ते एकाच वेळी किती जण करणार आणि किती काळ सलग चालणार, हे नोंदवले जावे. मेमरीचा तपशील तर अनिवार्यच असावा. कारण १२ चॅनलच्या प्रोसेसरला काटकसर म्हणून दोनच पट्ट्या बसवल्या, तर त्याची वहनक्षमता ७६.८ गिगाबाइटवर येते, म्हणजेच वर वर्णिलेल्या लॅपटॉपच्याही खाली. चाचणीचा निकाल लिहिताना भिंतीवरील सॉकेटपाशी मोजलेली वीज आणि चाचणीचा कालावधी सोबत दिला जावा. सर्व्हर बहुतेक वेळ आपल्या क्षमतेच्या १० ते ५० टक्क्यांदरम्यानच वापरला जातो, असे लुईझ बारोसो आणि उर्स होल्झल यांनी २००७ मध्ये दाखवून दिले होते. तेव्हा पूर्ण भारावरील कामगिरीइतकीच आंशिक भारावरील वीजही तपासली जावी.

या परिषदेतील विद्यार्थ्यांनी आपल्या प्रयोगशाळांत, आपल्याच प्रोग्रॅमवर अशी मोजमापे घेऊन ती मराठीत लिहून ठेवली, तर खरेदी करणाऱ्या संस्थांना विक्रेत्याच्या माहितीपत्रकापलीकडचा आधार मिळेल, आणि परिषदेच्या पुढील अधिवेशनात चर्चेसाठी प्रत्यक्ष आकडेही समोर असतील.