दवाखान्याचें कार्ड आणि कामाची निवड

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त सभासदांपुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या दिवशीं आजाराचें नांव काढूं नये, असें आमच्या घरचीं वडील माणसें म्हणत. तरी आज मी तोच विषय घेतला आहे. त्याचें कारण असें कीं, मागच्या पावसाळ्यांत आपल्या मदत-समितीपुढें एक तरुण आला होता आणि त्याच्या प्रश्नाला आम्हां समितीच्या लोकांना नीट उत्तर देतां आलें नाहीं. त्याचें नांव सांगत नाहीं. तो पेडणें तालुक्यांतला, आपल्याच समाजाचा. एका कारखान्यांत लेथवर काम करतो. पगार महिना १६,००० रुपये. घरीं आई, तिला मधुमेह आणि रक्तदाब, औषधें कायमचीं. त्याला स्वतःचें लहानसें वर्कशॉप काढायचें आहे. मोपाच्या विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्यें विमानें सुटूं लागल्यापासून त्या बाजूला गाड्यांची वर्दळ वाढली. काम मिळेल याची त्याला खात्री आहे. आम्ही कर्जाच्या गोष्टी करूं लागलों. तो म्हणाला, "काका, कर्ज मिळेल हो. पण नोकरी सोडली कीं ई. एस. आय. चें कार्ड जातें. मग आईच्या औषधाचें काय?"

आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहिलें. त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना जें हातीं लागलें, तें आज आपल्यापुढें ठेवतों.

हें कार्ड आलें कोठून? स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४८ सालीं, कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें योजना सुरू झाली. गोवा त्या वेळीं पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता. पण मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या आपल्या माणसांना तिचा लाभ १९५४ पासून मिळूं लागला. कल्पना सोपी आहे. कामगारानें थोडें घालावें, मालकानें अधिक घालावें, आणि अडल्या वेळीं त्या पुंजींतून कामगाराला व त्याच्या घरच्यांना उपचार मिळावे. जुलै २०१९ पासून कामगाराचा वांटा शेकडा पाऊण रुपया आणि मालकाचा शेकडा सव्वातीन रुपये असा ठरला. म्हणजे १६,००० पगारावर आपल्या तरुणाचे १२० आणि मालकाचे ५२०. त्यांत घरच्यांचें औषधपाणी तर आलेंच. शिवाय कामगार स्वतः आजारी पडला, तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या शेकडा ७० रोख मिळतात. ही रोख रक्कम विसरूं नका. आजारी माणसाच्या घरांत दोन खड्डे पडतात. एक दवाखान्याच्या खर्चाचा आणि दुसरा बुडालेल्या मजुरीचा.

कोणी म्हणेल, ५२० रुपये मालक देतो, आपलें काय जातें? येथें जरा थांबावें. माणूस कामावर ठेवतांना मालक पगार आणि वर्गणी मिळून एकच आंकडा मनांत धरतो. वर्गणीचा बोजा वाढला तर पुढची पगारवाढ रोडावते, किंवा एखादा माणूस कमी घेतला जातो. म्हणून मालकाचा वांटा हाहि पुष्कळसा कामगाराच्याच घामाचा पैसा आहे, असें अर्थशास्त्रज्ञ म्हणतात, आणि तें मला पटतें. तेव्हां कार्डाचा उपयोग करतांना कोणीं संकोचूं नये. तें दान नव्हे.

पण या योजनेला उंबरठे आहेत. १० माणसें असलीं तर ती लागूं होते; त्यामुळें नऊजणांवरच काम ओढून नेण्याचा मोह लहान धंद्याला होतो. पगाराचाहि उंबरठा आहे. जानेवारी २०१७ मध्यें तो २१,००० रुपयांवर नेला गेला. त्या हिशेबानें २०,५०० घेणाऱ्याला हजाराची बढती मिळाली, कीं चालू सहामाही संपतांच त्याचें कार्ड थांबतें. ज्याच्या घरीं कायमचा रोगी आहे, तो अशी बढती आली तर हरखत नाहीं, विचारांत पडतो. पगारवाढीचें भय वाटावें, ही उलटीच गोष्ट झाली!

नोकरीला बांधलेलें कार्ड नोकरीबरोबर बुडतें, हें आपल्या वडिलांनीं मुंबईंत पाहिलें आहे. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप झाला. पगार थांबला, वर्गणी थांबली आणि पुढें विम्याचा हक्कहि आटला. डिचोलीचा अनुभव आणखी निराळा. १९४८ च्या कायद्यानें खाणींना 'कारखाना' या व्याख्येंतूनच वगळलें होतें. शिरगांव, मयें, मुळगांव या बाजूला ज्यांचे ट्रक खाणींवर चालत, ते तर स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर. त्यांना कोणाचें कार्ड असणार? ५ ऑक्टोबर २०१२ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमानें गोव्यांतल्या खाणी थांबल्या; मग सुरू झाल्या त्या मार्च २०१८ मध्यें पुन्हां बंद पडल्या. ट्रकाचे हप्ते, मुलांच्या फिया आणि म्हाताऱ्यांचीं औषधें यांपैकीं घरांत पहिल्यानें काय थांबलें, तें आपल्या मदतीच्या वहींत पानोपानीं दिसतें. औषधें थांबलीं.

मधल्या काळांत, २०१६ सालीं, गोवा सरकारची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आली. तिचें कार्ड नोकरीला बांधलेलें नाहीं, रहिवासाला बांधलेलें आहे. गोव्यांत ५ वर्षें राहिलेल्या कुटुंबाला, तीन माणसांपर्यंत वर्षाला अडीच लाख आणि चार किंवा अधिक माणसें असल्यास चार लाख रुपयांपर्यंत, इस्पितळांतल्या ठरलेल्या उपचारांचा खर्च त्यांतून मिळावा, अशी ती योजना. ट्रक दारांत उभा राहिला तरी हें कार्ड चालतें. मात्र रोजच्या गोळ्या आणि बुडालेली मजुरी हीं तिच्या कक्षेबाहेर राहतात. एक खड्डा भरला, दुसरा तसाच.

रहिवासाच्या कार्डाचीहि एक सीमा असते. पेडणें आणि डिचोली हे सीमेवरचे तालुके. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्लें येथून कितीतरी माणसें रोज कामाला इकडे येतात. त्यांत आपले सोयरेधायरे आहेत. २०१८ च्या आरंभीं बांबोळीच्या सरकारी इस्पितळांत परराज्यांतल्या रुग्णांना शुल्क लागूं झालें, तेव्हां सिंधुदुर्गांत केवढी नाराजी उसळली, तें आपण जाणतां. गोव्याचा तिजोरीचा प्रश्न खरा आणि त्या माणसांचा प्रश्नहि खरा. त्यांना कामाच्या ठिकाणचें ई. एस. आय. कार्ड सीमा ओलांडून साथ देतें. म्हणून एक कार्ड चांगलें आणि दुसरें वाईट असें मी म्हणत नाहीं. दोहोंच्या मधें माणूस पडूं नये, एवढेंच म्हणणें.

हा गुंता आपलाच आहे असेंहि नाहीं. अमेरिकेंत महायुद्धाच्या काळांत, १९४२ सालीं, सरकारनें पगारवाढीला लगाम घातला. कामगार तर हवे होते. म्हणून मालक पगाराऐवजीं विमा देऊं लागले, आणि ती रीत कायमची झाली. पुढें माणसें केवळ विम्यासाठीं नकोशा नोकरींत अडकून पडूं लागलीं. २०१० सालीं तेथें नवा कायदा झाला आणि २०१४ पासून जुना आजार आहे म्हणून विमा नाकारण्यास बंदी आली. त्या वेळीं त्यांच्या संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयानें हिशेब मांडला कीं, २०१७ पर्यंत सुमारें २० लाख पूर्णवेळ कामगारांइतकें काम कमी होईल. विरोधक म्हणाले, नोकऱ्या बुडाल्या! पण कार्यालयाचें म्हणणें होतें कीं, हें मुख्यतः माणसें आपण होऊन काम कमी करतील म्हणून घडेल. आंकडा एकच, पण हाकलून दिलेला माणूस आणि आपल्या मनानें बाहेर पडलेला माणूस यांत फरक आहे.

आतां आपल्या तरुणाकडे येऊं. आपल्याकडे १९४८ च्या कायद्याची जागा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें घेतली. ती २१ नोव्हेंबर २०२५ रोजीं अमलांत आली. दहांहून कमी माणसांच्या धंद्यालाहि मालक व कामगारांच्या संमतीनें विम्यांत येण्याची वाट तींत आहे. म्हणजे उद्यां त्यानें दोन पोरें हाताखालीं घेतलीं, तर त्यांना कार्ड मिळूं शकेल. मालक म्हणून त्याला मात्र नाहीं. त्याला आईसाठीं खाजगी विमा घ्यावा लागेल. तेथें जुन्या आजारासाठीं थांबण्याची मुदत २०२४ पासून जास्तींत जास्त ३ वर्षें केली आहे आणि वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला आहे. म्हणून माझा सल्ला असा: विमा आजच, नोकरींत असतांनाच घ्यावा आणि त्या मुदतीचे दिवस नोकरींत काढावे. दीनदयाळ योजनेचें कार्ड वेळच्या वेळीं नवें करावें. तहान लागल्यावर विहीर खणूं नये.

पण तीन वर्षें थांब, असें तरुण माणसाला सांगणें सोपें आहे. म्हणून विश्वस्त मंडळींना माझी विनंति आहे. आपण शिष्यवृत्त्या देतों, त्यांतून मुलें शिकतात. शिकलेल्या मुलानें मग भीतीपोटीं पहिल्याच नोकरीला चिकटून राहावें, हें बरें नव्हे. या महोत्सवाच्या देणग्यांतून एक लहान आजारपण-निधि बाजूला काढावा. जो सभासद नवा धंदा सुरू करील, त्याच्या घरचा औषधाचा खर्च आणि तो स्वतः पडला तर बुडालेली मजुरी, यांना त्यांतून पहिलीं तीन वर्षें हातभार लागावा. आणि महिन्यांतून एका रविवारीं कोणीतरी जाणत्यानें कार्यालयांत बसून लोकांचे कार्डांचे कागद नीट करून द्यावे. याला पैसा लागत नाहीं.

तो तरुण आज मागच्या रांगेंत आईबरोबर बसला आहे. त्याच्या प्रश्नाला मागच्या वेळीं आम्ही गप्प राहिलों होतों. या वेळीं आपण सर्वांनीं मिळून उत्तर द्यावें, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.