घाटात कॉल का तुटतो?

आजचा भाग थोडा टेक्निकल आहे, पण सुरुवात घरच्या गोष्टीने करतो.

मागच्या पावसाळ्यात बाबांना पुण्यात ॲडमिट केलं होतं. मी ऑफिसातून तसाच निघालो आणि दादरला गाडी पकडली. कर्जत सुटलं, घाट लागला आणि आईचा फोन आला. "अरे ऐक, आत्ताच डॉक्टर येऊन गेले. ते म्हणतायत की..." आणि बोगदा आला. कॉल कट. लोणावळा येईपर्यंत मी नुसता फोनकडे बघत बसलो.

गंमत बघा, मी मोबाइल नेटवर्कच्या सॉफ्टवेअरवरच काम करतो. त्यामुळे राग कोणावर काढायचा तेही कळेना!

तर होतं काय? आपण चालत्या गाडीत असतो तेव्हा फोन एका टॉवरचा हात सोडून दुसऱ्याचा धरतो. याला हँडओव्हर म्हणतात. पण फोन लगेच उडी मारत नाही. पुढच्या टॉवरचा सिग्नल आत्ताच्यापेक्षा ठरावीक प्रमाणात चांगला हवा, समजा ३ डेसिबल, म्हणजे साधारण दुप्पट ताकदीचा. आणि तो थोडा वेळ तसाच टिकायला हवा. नाहीतर फोन दोन टॉवरमध्ये पिंगपाँगसारखा उड्या मारत बसेल. अट पूर्ण झाली की फोन जुन्या टॉवरला कळवतो आणि जुना टॉवर हुकूम देतो, "आता तिकडे जा."

सपाट रस्त्यावर हे मस्त चालतं. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला जेमतेम १७ मीटर जाते, तेवढा वेळ पुरतो. पण बोगद्याच्या तोंडाशी सिग्नल हळूहळू कमी होत नाही, धाडकन पडतो. 'तिकडे जा' हा हुकूम ज्या टॉवरकडून यायचा, त्याचाच आवाज पोचत नाही. कॉल गेला.

आता विचार करा. गाडी रुळांवरून चालली आहे. रूळ कुठे जातात ते सगळ्यांना माहीत आहे. मग फोन पुढे कुठे असणार हे नेटवर्कला आधीच का कळू नये?

कळू शकतं. मोबाइलचे नियम ठरवणारी थ्रीजीपीपी नावाची संस्था आहे. तिच्या रिलीज १६ मध्ये कंडिशनल हँडओव्हर आला. लहानपणी एकट्याला गाडीत बसवताना आई काय सांगायची? "स्टेशन आलं की उतर, मामा उभा असेल." तसंच हे. सिग्नल चांगला असतानाच फोनला पुढच्या टॉवरची माहिती देऊन ठेवायची. अट पूर्ण झाली की फोन स्वतःच जातो, कुणाला विचारत बसत नाही. रिलीज १७ मध्ये सॅटेलाइट नेटवर्कसाठी या अटीत फोनचं अंतरही आलं. म्हणजे 'इथून इतका लांब गेलास की बदल.'

पण एक मेख आहे. बोगद्यात जीपीएस चालत नाही! नेमकं हवं तिथेच लोकेशन गायब. म्हणून नुसता एक बिंदू कामाचा नाही, वाट कामाची. खंडाळ्याजवळ रेल्वे आणि एक्सप्रेसवे अगदी जवळून जातात. एकाच ठिकाणचे दोन फोन, एक गाडीत, एक कारमध्ये. दोघांचा पुढचा टॉवर वेगळा असू शकतो. कुठले टॉवर ओलांडून आलात, यावरून पुढचा अंदाज बांधता येतो. अंदाज चुकू नये म्हणून दोन-तीन टॉवर तयार ठेवायचे, तर तेवढी जागा उगाच अडते. फुकट काही नाही.

आणि दुसरी किंमत आपण देतो. कॉल कुठे तुटला हे लोकेशनसकट फोन नेटवर्कला कळवू शकतो. रिलीज १० पासून ती सोय आहे. त्यातूनच घाटातली भोकं सापडतात. पण तीच नोंद म्हणजे तुम्ही कधी कुठे होतात याचा माग. म्हणून ग्राहकाची संमती घ्यायची असते. माझं स्पष्ट मत, माग टॉवर सुधारायला वापरा, माणूस शोधायला नको. कोड लिहिताना मी स्वतःला हाच प्रश्न विचारतो, इथे नाव खरंच लागतं का? बहुतेक वेळा लागत नाही.

हे सगळं घाटाघाटात पोचेपर्यंत एक साधी सवय लावून घ्या. ११२ ला फोन केलात तर आधी जागा सांगा, मग काय झालं ते. मध्येच कट झाला तरी मदत कुठे पाठवायची ते कळेल. आणि घरच्यांना सांगा, महत्त्वाचं वाक्य आधी बोला, किंवा मेसेज टाका.

लोणावळ्याला रेंज आली. मी फोन लावला. आई म्हणाली, "अरे, ऑपरेशन नको म्हणाले. औषधाने होईल. तू जेवलास का?"

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!